परताव्याआधीचे शब्द

‘रिटर्न भरलं का?’ आणि ‘रिटर्न आलं का?’ हे दोन्ही प्रश्न मराठी घरांत उन्हाळा संपता संपता सर्रास ऐकू येतात. पहिल्या प्रश्नातलं रिटर्न म्हणजे कागद, दुसऱ्यातलं रिटर्न म्हणजे पैसे. एकाच शब्दाने दोन कामं होतात, ऐकणाऱ्यालाही ती बरोबर कळतात, आणि इथवर कुणाचं काही बिघडत नाही. पण तोच माणूस नोकरीसाठी परदेशी गेला की कराचे सगळे शब्द पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागतात. तिथे शब्द चुकला की फॉर्ममधला रकाना रिकामा राहतो आणि हक्काचे पैसे तिथेच राहतात. म्हणून मला हे शब्द नीट उलगडून पाहावेसे वाटतात.

आधी रिटर्नचंच पाहू. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या न्यायालयातून परगण्याच्या शेरीफकडे आज्ञापत्र जायचं. अमक्याला हजर करा, तमक्याची मालमत्ता ताब्यात घ्या, असा हुकूम त्यात असे. शेरीफ हुकूम बजावायचा, काय घडलं ते त्याच पत्राच्या पाठीवर लिहायचा आणि पत्र परत पाठवायचा. त्या परत पाठवण्याला आणि पुढे त्या पाठीवरच्या मजकुरालाच ‘रिटर्न’ म्हणू लागले. म्हणजे वरून आलेल्या प्रश्नाचं खालून गेलेलं लेखी उत्तर. निवडणुकीतल्या ‘रिटर्निंग ऑफिसर’च्या नावात हाच अर्थ आहे: निवडून आलेल्याचं नाव लिहून पत्र परत पाठवणारा. मराठीत आपण त्याला ‘निवडणूक निर्णय अधिकारी’ म्हणतो, त्यामुळे ती जुनी वाट झाकली जाते. टॅक्स रिटर्नमधलं रिटर्न हे असं उत्तर आहे. पैसे परत येण्याशी त्याचा जन्मापासून काही संबंध नाही.

सरकारी मराठीने त्यासाठी ‘विवरणपत्र’ हा शब्द घेतला. तो जड वाटतो, बोलण्यात कुणी वापरत नाही, पण तो फार चांगला शब्द आहे. वृ म्हणजे झाकणे. त्याला ‘आ’ लागला की आवरण, ‘वि’ लागला की विवरण, म्हणजे झाकलेलं उघडणं. जमिनीतलं विवर याच घरातलं. आपली मिळकत आपण होऊन उघडी करून दाखवायची, ही या कागदाची खरी गोष्ट ‘विवरण’ अचूक सांगतो. ‘परतावा’ मात्र वेगळ्या कुळातला आहे. परतणे या क्रियापदाच्या पोटात संस्कृतातला वृत् आहे, फिरणे, वळणे या अर्थाचा. वृ आणि वृत् दिसायला जवळचे असले तरी त्यांची घरं वेगळी. वृत्चे भाऊबंद युरोपभर पसरले आहेत. लॅटिनमधलं ‘वेर्तेरे’, म्हणजे वळवणे, त्यातलंच. जर्मनमध्ये मागच्या दिशेला ‘र्‍युकवेर्ट्स’ म्हणतात, त्यातलं शेपूट ‘वेर्ट्स’ हेही त्याच मुळाचं.

जर्मन शब्द मुद्दाम काढला. पुण्या-मुंबईहून गेलेल्या अभियंत्यांच्या पिढ्या ज्या देशांत स्थिरावल्या त्यांत जर्मनी ठळक आहे. मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८पासून भगिनी-शहरं आहेत, चाकणमध्ये जर्मन मोटारींचे कारखाने आहेत, आणि या ये-जा करणाऱ्या माणसांना कराच्या बाबतीत जी भाषा भेटते ती इंग्रजी नाही. कार्यालयात इंग्रजी चालतं, घराशेजारच्या बेकरीत थोडंफार चालतं. करकार्यालयाची भाषा कायद्यानेच जर्मन आहे.

कराला जर्मनमध्ये ‘श्टॉयर’ म्हणतात. या शब्दाचं जुनं रूप ‘स्टिउरा’, आणि त्याचा अर्थ होता टेकू, आधार, मदत. घर खचू नये म्हणून लावलेला टेकू. लग्नात मुलीला संसार उभा करण्यासाठी जे दिलं जाई त्याला ‘आउसश्टॉयर’ म्हणत, आणि कुठल्याही कामात आपला वाटा उचलण्याला आजही ‘बायश्टॉयर्न’ म्हणतात. जहाजाचं सुकाणू आणि मोटारीचं स्टिअरिंग यांनाही ‘श्टॉयर’च म्हणतात, फक्त लिंग बदलतं: कर स्त्रीलिंगी, सुकाणू नपुंसकलिंगी. (आपलं सुकाणू अरबीतल्या ‘सुक्कान’वरून आलेलं.) आता याच्या शेजारी आपले शब्द ठेवून पाहा. महसूल म्हणजे अरबीत ‘जे हाती लागलं ते’. वसूल म्हणजे ‘येऊन पोचणं’. दोन्ही शब्द खजिन्याच्या दारात उभं राहून बोलतात. श्टॉयर देणाऱ्याच्या बाजूने बोलतो. शब्दाच्या मुळावरून राज्यकर्त्यांचं चारित्र्य ठरत नाही, आणि जर्मन शेतकऱ्याला मध्ययुगात हा टेकू गोड लागला असेल असं मी म्हणणार नाही. तरी आजच्या नोकरदाराला हा अर्थ माहीत असावा, कारण तिथल्या कराची सगळी रचना ‘देणाऱ्याने आपली बाजू मांडावी’ या अपेक्षेवर उभी आहे.

ही बाजू मांडण्याच्या कागदाला ‘श्टॉयरएर्क्लेरुंग’ म्हणतात. मध्ये ‘क्लार’ आहे, लॅटिन ‘क्लारुस’वरून आलेला. लॅटिनमध्ये तो आधी आवाजाला लागायचा: खणखणीत, सगळ्यांना ऐकू जाणारा. मग नजरेला लागू झाला: स्वच्छ, स्पष्ट. एर्क्लेरुंग म्हणजे स्पष्ट करून सांगणं. आपलं विवरण आणि जर्मनांचं एर्क्लेरुंग एकमेकांशेजारी सहज बसतात. इंग्रजी रिटर्न त्यांच्यात परका. जर्मनीत गेलेला मराठी माणूस मधल्या इंग्रजीच्या पुलावरून जातो म्हणून गोंधळतो. सरळ विवरणावरून एर्क्लेरुंगवर गेला तर त्याला वाट ओळखीची वाटेल.

पैसे परत मिळण्याला ‘एरश्टाटुंग’ म्हणतात. यात जागा, सोय या अर्थाचं जुनं ‘श्टाट’ आहे, म्हणजे आपल्या स्था, स्थान, स्थितीचं नातलग. जे जागेवरून हललं ते पुन्हा जागेवर ठेवायचं. आणि गंमत अशी की ‘एरश्टाटन’ हेच क्रियापद अहवाल देण्यालाही वापरतात. वार्ताहर बातमी ‘एरश्टाटन’ करतो, करकार्यालय पैसे ‘एरश्टाटन’ करतं. मराठी घरात रिटर्न भरतात आणि रिटर्न येतं, तसंच जर्मनांनीही हिशेब देणं आणि पैसे परत देणं एकाच शब्दात बसवलं आहे. आपल्या बोलण्यातल्या ज्या सरमिसळीला शिकलेले लोक नावं ठेवतात, तिच्यासारखीच एक सोयरीक तिकडे शब्दकोशात मान्यता पावून बसली आहे.

हे पैसे मुळात परत का येतात? मालक दर महिन्याच्या पगारातून कर कापतो, आणि कापताना असं धरतो की हाच पगार बाराही महिने मिळणार आहे. सप्टेंबरमध्ये जर्मनीत उतरलेल्या माणसाला त्या वर्षी चारच पगार मिळतात. वर्षभराच्या हिशेबात त्याची जर्मन मिळकत लहान असते, आणि करमुक्त रक्कम, २०२५ सालासाठी १२,०९६ युरो, त्याला वर्षभराची अख्खी मिळते. कापलेला कर आणि खरा देय कर यांच्यात मोठी फट पडते. जानेवारी ते ऑगस्ट भारतात मिळालेला पगार जर्मनी पुन्हा करपात्र धरत नाही, पण तो विचारात घेऊन उरलेल्या मिळकतीवरचा दर वाढवते. याला एक लांबलचक शब्द आहे, ‘प्रोग्रेसिओन्सफोरबेहाल्ट’. शेवटचा ‘फोरबेहाल्ट’ म्हणजे राखून ठेवणं, ‘सर्व हक्क राखून’मधलं राखून. तुमची भारतातली मिळकत करातून सोडली, पण दर ठरवताना ती मोजण्याचा हक्क राखून ठेवला, असा त्याचा सरळ अर्थ. आणि ही राखून ठेवलेली मिळकत वर्षाला ४१० युरोंच्या वर गेली की एर्क्लेरुंग देणं ऐच्छिक राहत नाही, सक्तीचं होतं. पहिल्याच वर्षी अनेकांना हे ठाऊक नसतं. शिवाय भारतातला फॉर्म १६ एप्रिल ते मार्चचा, जर्मनांचं वर्ष जानेवारी ते डिसेंबरचं. म्हणून निघताना महिन्यामहिन्याच्या पगारपावत्या सोबत घ्याव्यात. त्या पुण्यातल्या कपाटात राहिल्या तर मागवताना जीव जातो.

आता ज्या शब्दासाठी मी हा लेख लिहायला घेतला त्याच्याकडे येतो. फॉर्ममध्ये एक मोठा रकाना असतो, ‘वेर्बुंग्सकोस्टन’. ‘कोस्टन’ म्हणजे खर्च, हे कुणीही ओळखतं. ‘वेर्बुंग’ हा शब्द नवखा माणूस रोज पाहतो: टपालपेटीवरच्या ‘जाहिराती टाकू नका’ या चिठ्ठीवर, दूरचित्रवाणीवर, ट्रामच्या थांब्यावर. वेर्बुंग म्हणजे जाहिरात. भाषांतराचं यंत्रही पुष्कळदा तेच सांगतं: जाहिरातखर्च. नोकरदार माणूस म्हणतो, मी कसली जाहिरात केली? आणि पुढच्या पानावर जातो. पगारदाराला सगळ्यात जास्त पैसे मिळवून देणारा रकाना असा कोरा राहतो.

या शब्दाची गोष्ट लांबून सुरू होते. जुन्या जर्मनमध्ये ‘ह्वेर्बन’ म्हणजे फिरणं, वळणं, इकडेतिकडे हिंडणं. हिंडण्यातून काहीतरी मिळवण्यासाठी केलेली धावपळ असा अर्थ झाला. त्या धावपळीला पुढे वेगवेगळ्या वाटा फुटल्या. मुलीला मागणी घालायला गेला तोही ‘वेर्बन’, सैन्यासाठी जवान गोळा करत गावोगाव फिरला तोही ‘वेर्बन’, आणि गिऱ्हाईक मिळवण्यासाठी ओरडला तोही. या तिसऱ्या वाटेवरची जाहिरात आज इतकी मोठी झाली की तिने बाकीच्यांना झाकून टाकलं. पण जुना अर्थ काही शब्दांत टिकून राहिला: धंद्याला ‘गेवेर्बे’, मिळवण्याला ‘एर्वेर्बन’. आणि कायद्यात टिकला. जर्मन आयकर कायद्याच्या नवव्या कलमात वेर्बुंग्सकोस्टनची व्याख्याच आहे: मिळकत मिळवण्यासाठी, ती सुरक्षित ठेवण्यासाठी आणि टिकवण्यासाठी केलेला खर्च. कमाईसाठी केलेल्या धावपळीचा खर्च. आणि धावपळ अगदी शब्दशः, कारण घर ते कार्यालय हा प्रवासही त्यात येतो.

हिशेब करून पाहू. २०२५ सालासाठी एका बाजूच्या अंतराच्या पहिल्या वीस किलोमीटरना प्रत्येकी ३० सेंट आणि एकविसाव्यापासून ३८ सेंट धरतात. घर कार्यालयापासून २५ किलोमीटर असेल तर दिवसाचे ७ युरो ९० सेंट होतात. २२० दिवस गेलात तर १,७३८ युरो. तुम्ही मोटारीने गेलात, आगगाडीने की सायकलने, याला या हिशेबात महत्त्व नाही. घरून काम केलं तर दिवसाला ६ युरो, वर्षाला जास्तीत जास्त १,२६० युरो. कामासाठी घेतलेला संगणक, टेबल, व्यवसायाची पुस्तकं, नोकरीचे अर्ज करताना झालेला खर्च, नोकरीसाठी घर हलवलं त्याचा खर्च, हे सगळं इथेच येतं. हे पैसे कुणी हातात देत नाही. एवढी रक्कम मिळकतीतून वजा होते आणि त्यावरचा कर वाचतो.

काहीच लिहिलं नाही तरी कार्यालय १,२३० युरो आपण होऊन वजा करतं. त्या रकमेला ‘पाउशबेट्राग’ म्हणतात. पाउश किंवा बाउश म्हणजे फुगवटा, कापडाचा चुण्याचुण्यांचा गठ्ठा. जे मोजत बसायचं नाही, गठ्ठ्यानेच धरायचं. मराठीत याला सुरेख शब्द आहे: उक्ते. काम उक्ते घेतलं, आंबा उक्ता विकला. पाउशबेट्राग म्हणजे उक्ती वजावट. कर-सल्लागारांनी ‘स्टँडर्ड डिडक्शन’ ऐवजी ‘उक्ती वजावट’ म्हणायला सुरुवात केली तर कोल्हापूरच्या गुऱ्हाळघरापासून श्टुटगार्टपर्यंत सगळ्यांना तो लगेच कळेल. वरच्या हिशेबातले १,७३८ उक्त्या १,२३० पेक्षा जास्त आहेत, म्हणजे मोजून लिहिण्यात फायदा आहे. हे कळायला रकान्याचा अर्थ कळणं एवढंच पुरेसं होतं.

‘किर्शनश्टॉयर’ हा शब्द अनेक हिंदू घरांत कधीच लागत नाही, पण वसईच्या कॅथलिक कुटुंबातला तरुण तिथे जातो तेव्हा लागतो. राहण्याची नोंदणी करताना धर्माचा रकाना असतो. त्यात कॅथलिक लिहिलं की चर्चकर सुरू होतो: बायर्न आणि बाडेन-व्युर्टेमबेर्ग या राज्यांत आयकराच्या ८ टक्के, बाकी राज्यांत ९ टक्के. श्टॉयरचा मूळ अर्थ मदत, आधार, असा असल्याने शब्दाच्या दृष्टीने तो इथे चपखल बसतो. देणारा तो श्रद्धेने देत असेल तर उत्तम. फक्त त्याने तो जाणून द्यावा. दिलेला चर्चकर पुढे एर्क्लेरुंगमध्ये वजावटीला मांडता येतो.

हे सगळं आता संगणकावर भरतात, आणि त्या सरकारी व्यवस्थेचं नाव ‘एल्स्टर’. ‘इलेक्ट्रॉनिशे श्टॉयरएर्क्लेरुंग’ची आद्याक्षरं जुळवून केलेलं नाव, पण जर्मनमध्ये एल्स्टर हा एक पक्षीही आहे: काळापांढरा, लांब शेपटीचा, कावळ्याच्या कुळातला, चकचकीत वस्तू पळवतो अशी युरोपभर ख्याती असलेला. रोस्सीनीच्या एका ऑपेराचं नावच ‘चोरटी एल्स्टर’ असं आहे. याच कुळातला, लांब शेपटीचा, तांबूस अंगाचा पक्षी आपल्याकडे रानात आणि मोठ्या बागांत दिसतो, आणि मराठीत त्याचं नाव टकाचोर! टका म्हणजे नाणं, संस्कृतातल्या टंकावरून आलेला, आणि शेकड्यातला टक्काही त्याच्याच घरचा. दोन दूरच्या भाषांनी एकाच कुळातल्या पक्ष्यांवर तोच आरोप ठेवावा आणि त्यांतल्या एका पक्ष्याच्या नावावर करखात्याचं काम चालावं, हे शब्दांच्या वाटेवर फिरणाऱ्याला फार आनंद देणारं आहे. एल्स्टरचं खातं उघडताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. संकेतांकाचा एक भाग ईमेलने येतो आणि दुसरा साध्या टपालाने, कागदी पाकिटात. टपालपेटीवर आपलं आडनाव नसेल तर ते पाकीट पोचत नाही.

‘उंटरहाल्ट’ हा शब्द मला विशेष जवळचा वाटतो. उंटर म्हणजे खालून, हाल्टन म्हणजे धरणं. खालून धरून ठेवणं, पडू न देणं. पोटगी आणि निर्वाह या दोन्ही अर्थांनी तो चालतो. आपली पोटगी पोटावरून आली, त्यांची हाताच्या आधारावरून. सांगली-सोलापूरकडे राहणाऱ्या, स्वतःची पुरेशी मिळकत नसलेल्या आई-वडिलांना मुलगा किंवा मुलगी पैसे पाठवत असेल तर ते उंटरहाल्ट म्हणून वजावटीला दाखवता येतात. मर्यादा भारतातल्या राहणीमानाप्रमाणे कमी करून धरतात, आणि आई-वडिलांच्या गरजेचा लेखी दाखला लागतो. २०२५पासून नियम आणखी कडक झाला: रोख दिलेले पैसे चालत नाहीत, पैसे बँकेतून थेट आई-वडिलांच्या खात्यात गेले पाहिजेत. सुट्टीत आलो तेव्हा आईच्या हातात पाकीट दिलं, हे तिकडे मोजत नाहीत. आईच्या नावाचं वेगळं खातं नसेल तर ते आधी उघडावं. कराच्या पलीकडेही ते तिच्या उपयोगाचं आहे.

एर्क्लेरुंग जिथे जातं त्या ‘फिनान्त्साम्ट’ची नवख्यांना फार भीती वाटते. त्यातलं ‘फिनान्त्स’ लॅटिन ‘फिनिस’ म्हणजे शेवट यावरून आलं. देणं फिटलं, व्यवहार संपला, असा त्याचा भाव. ‘आम्ट’ म्हणजे आज अधिकाराचं कार्यालय, पण त्याचं मूळ ज्या केल्टिक शब्दात आहे, लॅटिन ग्रंथांत ‘आम्बाक्तुस’ म्हणून येणारा, त्याचा अर्थ धन्याच्या अवतीभवती वावरणारा सेवक. तिथून उत्तर येतं त्याला म्हणतात ‘बेशाइड’. यात ‘शाइडन’ आहे, वेगळं करणं, आणि तो आपल्या छिद्, छेद यांचा नातलग. काय धरलं, काय वगळलं, किती परत, किती अजून देणं, हे वेगवेगळं करून लिहिलेलं पत्र. मराठी शब्द निवाडा. तोही निवडण्यातूनच आला: सुपातले खडे वेगळे काढावेत तसं खरं-खोटं वेगळं करणं म्हणजे निवाडा.

बेशाइड हातात आला की बहुतेक जण एकच आकडा पाहतात आणि पाकीट ठेवून देतात. मधली पानं वाचावीत. प्रवासाचे दिवस कमी धरले असतील, एखादी पावती नाकारली असेल, तर त्याचं कारण तिथे एखाद्या वाक्यात दिलेलं असतं. ते पटलं नाही तर ‘आइनश्प्रुख’ करता येतो, शब्दशः ‘मध्ये बोलणं’. आपण हरकत घेतो. हरकत अरबीत म्हणजे हालचाल, आणि ही हालचाल वेळेत करावी लागते. मुदत एका महिन्याची, आणि पत्र टपालात पडल्यापासून चौथ्या दिवशी ते तुम्हाला मिळालं असं धरून ती मोजतात. वकील लागत नाही, शुल्क लागत नाही, एल्स्टरमधूनही पाठवता येतो. ‘माझा अमुक तारखेच्या बेशाइडविरुद्ध आइनश्प्रुख आहे, कारण पुढीलप्रमाणे’ इतकं साध्या जर्मनमध्ये लिहिलं तरी कार्यालयाला तो निवाडा पुन्हा तपासावा लागतो. फक्त तपासणीत आकडा तुमच्या विरुद्धही जाऊ शकतो. तसं होणार असेल तर कार्यालयाने आधी कळवायचं असतं, आणि तेव्हा आइनश्प्रुख मागे घेता येतो.